पॅराव्ह्यू : कंपोझिट प्लेटमधील तरंग पाहण्याच्या साधनाचे परीक्षण

कंपोझिट प्लेटमधून धावणारे तरंग पाहण्यासाठी पॅराव्ह्यूइतके कामाचे मोफत सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात दुसरे नाही. मात्र त्याच्या मूळ मांडणीवर विसंबून काढलेले चित्र जितके देखणे असते, तितकेच दिशाभूल करणारेही असू शकते. सांगलीत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पांसाठी मार्गदर्शन करताना हे सॉफ्टवेअर मी काही वर्षे वापरत आलो आहे आणि हे परीक्षण त्या कामापुरतेच आहे. द्रवांचे प्रवाह, हवामान, वैद्यकीय प्रतिमा अशा ज्या इतर अनेक क्षेत्रांत ते वापरले जाते, त्यांच्याविषयी मी येथे काही म्हणणार नाही.

आधी कामाचे स्वरूप. कार्बनच्या किंवा काचेच्या धाग्यांचे थर रेझिनमध्ये बसवून केलेल्या प्लेटवर आघात झाला, की वर ओरखडाही न उमटता आतले दोन थर एकमेकांपासून सुटू शकतात. साताऱ्याकडच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर ज्या पवनचक्क्या दिसतात, त्यांची पाती काचधाग्याच्या कंपोझिटची असतात. असे पाते न उतरवता, न कापता त्याच्या पोटात काय बिघडले आहे ते कळावे, हा या संशोधनाचा व्यवहारी हेतू. त्यासाठी प्लेटवर पीझोइलेक्ट्रिक (वीज दिल्यावर थरथरणारी) चकती चिकटवून दहा-वीसपासून काहीशे किलोहर्ट्झपर्यंतच्या वारंवारतेचा छोटासा स्पंद सोडतात आणि तो दुसऱ्या चकतीपर्यंत कसा पोहोचतो ते मोजतात. हाच प्रवास संगणकावर गणितानेही काढतात (सिम्युलेशन), आणि त्यातले आकडे चित्ररूपात पाहायला पॅराव्ह्यू लागते. दोन मोकळ्या पृष्ठभागांच्या मधून धावणाऱ्या या तरंगांचे गणित होरेस लॅम्ब यांनी १९१७ मध्ये मांडले, म्हणून त्यांना लॅम्ब तरंग म्हणतात. त्यांतला एस-शून्य हा सममित प्रकार प्लेटला ताणत-दाबत वेगाने पुढे जातो, तर ए-शून्य हा प्रतिसममित प्रकार तिला वाकवत सावकाश जातो. दोघांचाही वेग वारंवारतेनुसार बदलतो. कंपोझिटमध्ये तो दिशेनुसारही बदलतो आणि खरी गुंतागुंत तिथेच सुरू होते. ताठपणा धाग्याच्या दिशेने १४० गिगापास्कल, आडव्या दिशेने १० गिगापास्कल आणि घनता १६०० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरून साध्या दांडीच्या सूत्राने हिशेब केला, तर ताण-दाबाच्या तरंगाचा वेग एका दिशेने सेकंदाला साडेनऊ किलोमीटरच्या जरा आत आणि दुसऱ्या दिशेने अवघा अडीच किलोमीटर येतो.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फायबरचे साचेकाम करणारे ओळखीचे एक कारखानदार एकदा आमचे काम पाहायला आले होते. सगळे धागे एकाच दिशेने घातलेल्या प्लेटमध्ये एस-शून्य तरंग पडद्यावर लांबट होत पसरताना पाहून त्यांनी विचारले, "सर, हे गोल का पसरत नाही? गणितात काही चुकलंय का?" मी म्हणालो, "नाही हो, धागे या बाजूने घातलेत, म्हणून तिकडे आधी पळतो." एवढे त्यांना पुरले, आणि पुढच्या चित्रात थर कोणत्या कोनात रचले असतील ते त्यांनी स्वतःच पडद्यावर बोट ठेवून सांगितले. लाकडातही ध्वनी रेषेच्या दिशेने आडव्यापेक्षा कितीतरी वेगाने जातो, हे मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत वावरलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. कंपोझिटचेही तसेच आहे. वेगाचे ध्रुवीय आलेख मी वर्गात दाखवतच असतो, पण त्यांच्यावरून इतक्या झटकन कोणाला दिशा ओळखता आल्याचे मला आठवत नाही. दृश्यांकनावर वेळ घालवावा तो यासाठी.

पॅराव्ह्यूचा पाया व्हीटीके या १९९३ पासूनच्या दृश्यांकन-ग्रंथालयावर उभा आहे. किटवेअर ही अमेरिकी कंपनी आणि लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी २००० मध्ये हे काम हाती घेतले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली. परवाना बीएसडी प्रकारचा असल्याने ना शुल्क, ना दरवर्षीचे नूतनीकरण. विंडोजसाठी झिप स्वरूपातली प्रतही मिळते. ती उलगडून थेट चालवता येते, त्यामुळे ज्या संगणकावर काहीही बसवायला प्रशासकाची परवानगी लागते, तिथे विद्यार्थ्यांचे काम अडत नाही. ही सोय वरवर किरकोळ वाटली, तरी प्रत्यक्षात मोलाची आहे.

आता आकारमानाचा हिशेब, कारण या क्षेत्रात संगणक निवडण्यापूर्वी तो करावाच लागतो. ३०० मिलिमीटर लांब-रुंद, २ मिलिमीटर जाड आणि आठ थरांची प्लेट घेऊ. १०० किलोहर्ट्झला ए-शून्य तरंगाचा वेग सेकंदाला सव्वा किलोमीटरच्या आसपास धरला, तर तरंगलांबी साधारण १२ मिलिमीटर येते. सिम्युलेशनमध्ये प्लेट लहान ठोकळ्यांत (एलिमेंट) विभागतात आणि त्यांच्या कोपऱ्यांवर (नोड) हालचाल काढतात. एका तरंगलांबीत किमान दहा ते वीस नोड असावेत हा रूढ दंडक पाळून अर्ध्या मिलिमीटरचे एलिमेंट घेतले आणि प्रत्येक थराला जाडीत एकच एलिमेंट दिला, तरी २८ लाख ८० हजार एलिमेंट आणि साडेबत्तीस लाख नोड होतात. प्रत्येक नोडच्या विस्थापनाचे तीन घटक चार-चार बाइटमध्ये साठवले, तर एका क्षणाच्या चित्राला सुमारे ३९ एमबी लागतात आणि तरंग प्लेट ओलांडेपर्यंतच्या २५० मायक्रोसेकंदांची दर मायक्रोसेकंदाला एक अशी नोंद ठेवली, तर पावणेदहा जीबी भरतात. इथे पॅराव्ह्यूची रचना उपयोगी पडते : ते एका वेळी पाहायच्या क्षणापुरतीच फाइल वाचते, त्यामुळे १६ जीबी रॅमच्या साध्या संगणकावर ही मालिका पुढे-मागे सरकवता येते.

मात्र पाइपलाइनमध्ये, म्हणजे माहितीवर एकामागून एक करायच्या प्रक्रियांच्या साखळीत, जोडलेले बहुतेक फिल्टर (त्या प्रक्रिया) आपापला निकाल स्मृतीत धरून ठेवतात. नियमित जाळीवर असलेल्या माहितीला क्लिप (भाग कापणे) किंवा थ्रेशोल्ड (ठरावीक मूल्यांचाच भाग ठेवणे) लावले, की ती अनियमित जाळीत रूपांतरित होऊन मूळच्या कितीतरी पट जागा खाते. म्हणून जिथे स्लाइसने (एका सपाट छेदाने) भागते तिथे क्लिप लावू नये आणि प्लेटचा एखादाच कोपरा हवा असेल, तर एक्स्ट्रॅक्ट सबसेट वापरून तो आधीच वेगळा काढावा. एका नोडचा काळाबरोबरचा आलेख काढणारा फिल्टरही जपून वापरावा, कारण तो मालिकेतली प्रत्येक फाइल उघडतो. संवेदकाच्या जागेचा सिग्नल सॉल्व्हरकडूनच (तरंगाचे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामकडूनच) वेगळ्या लहान फाइलमध्ये लिहून घेणे शहाणपणाचे.

नोंदी किती अंतराने ठेवाव्यात हा प्रश्न फक्त डिस्कच्या जागेचा नाही. १०० किलोहर्ट्झच्या तरंगाचा आवर्तकाल १० मायक्रोसेकंद असतो. जागा वाचवायची म्हणून दर ९ मायक्रोसेकंदांनी एक चित्र ठेवले, तर दोन चित्रांच्या दरम्यान प्रत्येक शिखर तरंगलांबीच्या नऊ दशांश इतके पुढे जाते. डोळा मात्र त्याला मागच्या शिखराची एक दशांशाने झालेली माघार समजतो. असे झाले, की पडद्यावर तरंगांचा पुंजका पुढे सरकत असतो आणि त्याच्या आतली शिखरे उलटी चालताना दिसतात. कला वेग (शिखरांचा) आणि समूह वेग (पुंजक्याचा) यांतला फरक नुकताच शिकलेला विद्यार्थी हे पाहून हरखतो आणि काहीतरी अद्भुत सापडल्यासारखे धावत येतो. वास्तविक तो नोंदींच्या विरळपणाचा खेळ असतो. पॅराव्ह्यू याबाबत कोणतीही सूचना देत नाही, देऊही शकत नाही, कारण तरंगाची वारंवारता त्याला ठाऊक नसते. एका आवर्तकालात किमान आठ-दहा चित्रे असावीत, एवढे पथ्य पाळले की हा धोका टळतो.

रंगांबाबत माझे मत जरा कडक आहे. विस्थापन हे शून्याच्या दोन्ही बाजूंना जाणारे मूल्य असल्याने त्याला मधोमध फिकट आणि दोन टोकांना दोन वेगळे रंग असलेली पट्टी लागते. पॅराव्ह्यूमध्ये अशी निळ्याकडून फिकट राखाडीमार्गे लालकडे जाणारी पट्टी तयार मिळते आणि ती उत्तम आहे. इंद्रधनुषी पट्टीही यादीत आहेच, पण तिच्यातला पिवळा पट्टा जिथे काहीच घडलेले नाही तिथेही कड असल्याचा भास निर्माण करतो आणि लाल-हिरव्यातला भेद न कळणाऱ्या वाचकाला तर अर्धे चित्र गमवावे लागते. तरीही प्रबंधांतून ती अजून हटत नाही. ऊर्जेसारख्या केवळ धन असणाऱ्या राशीसाठी व्हिरिडिस ही जांभळ्याकडून पिवळ्याकडे जाणारी पट्टी घ्यावी.

रंगांपेक्षाही पट्टीची मर्यादा अधिक घातक ठरते. फाइल उघडून अप्लाय दाबले, की मर्यादा त्या क्षणाच्या आकड्यांवरून बसते. पहिल्या क्षणी सगळी प्लेट स्थिर असते, त्यामुळे ती मर्यादा निरर्थक असते आणि पुढचे प्रत्येक चित्र टोकाच्या दोन रंगांनी माखून जाते. यावर उपाय म्हणून पुष्कळजण प्रत्येक क्षणाला मर्यादा नव्याने बसवण्याचा पर्याय निवडतात. तो तर त्याहून वाईट, कारण मग क्षीण होत जाणारा तरंग अखेरपर्यंत तेवढाच जोमदार दिसतो आणि रेझिनमुळे होणारे शमन चित्रातून पुसले जाते. मर्यादा हाताने घालावी, शून्याभोवती समान ठेवावी आणि ज्या दोन प्लेटांची तुलना करायची त्या दोन्हींना तीच द्यावी. विस्थापन वाढवून प्लेटच्या आकारात दाखवणाऱ्या वॉर्प बाय व्हेक्टर या फिल्टरच्या गुणकालाही हेच लागू आहे. प्रत्यक्षात विस्थापने नॅनोमीटरमध्ये असतात; १० नॅनोमीटर पडद्यावर १ मिलिमीटर दिसावेत म्हणून १ लाखाचा गुणक द्यावा लागतो, आणि तो चित्राखाली लिहिला नाही तर पाहणाऱ्याला प्लेट खरोखरच लाटांसारखी उचलली जाते असे वाटते.

आता मूळ विषय, म्हणजे सुटलेला थर. वरून अर्ध्या मिलिमीटर खोलीवर थर सुटला असेल, तर त्या भागापुरती प्लेट एक पातळ आणि एक जाड अशा दोन पापुद्र्यांत विभागली जाते. पातळ प्लेटच्या साध्या सूत्रानुसार वाकणाऱ्या तरंगाचा वेग जाडीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, म्हणून जाडी चतुर्थांश झाली की वरच्या पापुद्र्यातली तरंगलांबी निम्म्यावर येते. थरांच्या दिशांनुसार हा आकडा प्रत्यक्षात थोडा इकडेतिकडे होतो. पॅराव्ह्यूमध्ये वरच्या पृष्ठभागाचा स्लाइस घेऊन क्षण पुढे सरकवत गेले, की हे स्पष्ट दिसते. रुंद पट्ट्यांचा तरंग सुटलेल्या भागाच्या कडेवर येतो, आत शिरताच त्याचे पट्टे दाट होतात, आणि मुख्य तरंग पलीकडे निघून गेल्यावरही तो तेवढा तुकडा आतल्या आत इकडून तिकडे परावर्तन होत थरथरत राहतो. खालच्या पृष्ठभागावर, जिथे पापुद्रा जाड आहे, हा परिणाम बराच मंद असतो. दोन्ही पृष्ठभाग शेजारी-शेजारी ठेवून कॅमेरे एकमेकांना जोडण्याची सोय पॅराव्ह्यूमध्ये आहे, आणि दोष वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे तिच्यामुळे विद्यार्थ्याला न सांगता कळते.

इथेच एक सापळाही आहे. सुटलेला थर मेशमध्ये (एलिमेंटांच्या जाळीत) दाखवताना एकाच जागी दोन नोड ठेवतात, एक वरच्या पापुद्र्याचा आणि एक खालच्या. मेश नीटनेटकी करण्याच्या हौसेने कोणी क्लीन टू ग्रिड हा फिल्टर लावला, तर तो एकाच जागी असलेले नोड एकत्र करतो, म्हणजे सुटलेला थर चित्रात पुन्हा चिकटवून टाकतो. सॉल्व्हरचे उत्तर बरोबरच असते, पण पडद्यावर दोषाची फट उघडत नाही आणि दोन पापुद्र्यांच्या वेगळ्या हालचालींपैकी एकच उरते. फिल्टर आपले नेमून दिलेले काम चोख करत असल्यामुळे त्याला दोष देता येत नाही. तो या कामात लावू नये, एवढेच.

असाच, किंबहुना याहून अधिक नुकसान करणारा फिल्टर म्हणजे सेल डेटा टू पॉइंट डेटा. ताण (दर क्षेत्रफळावरचे आतले बल) हा बहुतेक वेळा एलिमेंटनिहाय साठवलेला असतो आणि तसाच दाखवला तर चित्र चौकटीचौकटींचे दिसते. ते गुळगुळीत करण्यासाठी हा फिल्टर शेजारच्या एलिमेंटांची सरासरी काढून नोडवर ठेवतो. धातूच्या प्लेटमध्ये हे चालून जाते. कंपोझिटमध्ये मात्र शून्य अंशाचा थर आणि नव्वद अंशांचा थर यांच्या सीमेवर विकृती (ताणले जाण्याचे प्रमाण) तीच असली तरी ताण एकदम उडी घेतो. वर दिलेल्या आकड्यांनुसार तो एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या चौदा पट असू शकतो. त्यांची सरासरी साडेसात येते, आणि असा ताण तिथल्या कोणत्याच थरात नसतो. प्रत्येक थराला जाडीत एकच एलिमेंट दिलेला असेल, तर आतला प्रत्येक नोड कोणत्या ना कोणत्या सीमेवरच असतो, म्हणजे बाहेरचे दोन पृष्ठभाग सोडले तर संपूर्ण जाडीभर खोटे आकडे दिसतात, आणि तेही अत्यंत सुबक रंगांत. चौकटी दिसल्या तर दिसू द्याव्यात. गुळगुळीतपणा हवाच असेल, तर आधी थरांच्या क्रमांकानुसार थ्रेशोल्ड लावून प्रत्येक थर वेगळा करावा आणि मग त्याच्या आतल्या आत सरासरी घ्यावी. जास्तीची स्मृती खर्च करावी अशी ही एक जागा आहे.

कॅल्क्युलेटर हा फिल्टर मला सर्वांत आवडतो. ताण आणि पदार्थाच्या कणांचा वेग या दोन्ही राशी साठवल्या असतील, तर त्यांच्या गुणाकारातून ऊर्जेच्या प्रवाहाची दिशा काढता येते आणि ग्लिफ लावून ती बाणांनी दाखवता येते. कंपोझिटमध्ये शिखरे ज्या दिशेने सरकतात त्याच दिशेने ऊर्जा जाईलच असे नसते. ती धाग्याकडे झुकते, आणि संवेदक कुठे चिकटवायचा हे ठरवताना हा झुकाव विसरला तर सिग्नल अपेक्षेपेक्षा कमकुवत मिळतो. सूत्र लिहिताना ताणाच्या सहा घटकांचा क्रम तपासून घ्यावा. व्हीटीकेचा क्रम एक्सएक्स, वायवाय, झेडझेड, एक्सवाय, वायझेड, एक्सझेड असा आहे, तर पाठ्यपुस्तकांतल्या फॉइग्ट क्रमात वायझेड, एक्सझेड आणि एक्सवाय असे शेवटचे तीन येतात. घटकांची अदलाबदल झाली तरी बाण उमटतातच, म्हणून नुसत्या चित्रावरून चूक लक्षात येत नाही.

काही गोष्टींसाठी पॅराव्ह्यूकडे जाऊच नये. अपस्करणाचे (वारंवारतेनुसार बदलणाऱ्या वेगाचे) वक्र काढणे, वारंवारता आणि तरंगसंख्या यांचे द्विमितीय रूपांतर करणे, एस-शून्य आणि ए-शून्य वेगळे करणे ही गणिताची कामे पायथनमध्ये करावीत आणि निकाल तेवढा इथे आणावा. लेझर व्हायब्रोमीटरने प्रत्यक्ष प्लेटवर घेतलेली मोजमापे नियमित जाळीच्या स्वरूपात लिहून सिम्युलेशनच्या शेजारी ठेवता येतात आणि ती तुलना फार बोलकी होते. व्हिझिट हे लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचे सॉफ्टवेअरही मोफत आणि समर्थ आहे. मात्र पॅराव्ह्यूचे पायथनशी असलेले सख्य विद्यार्थ्यांच्या अधिक अंगवळणी पडते, असा माझा अनुभव. ट्रेस सुरू करून माऊसने जे जे करावे, त्याची पायथनमधली आज्ञावली ते स्वतः लिहून देते. तीच आज्ञावली पुढच्या प्लेटवर जशीच्या तशी चालवता येत असल्यामुळे रंगांची मर्यादा, कॅमेरा आणि गुणक सर्वत्र सारखे राहतात. वर सांगितलेली निम्मी पथ्ये या एका सवयीने आपोआप पाळली जातात.

शिकायला ते सोपे आहे असे म्हणवत नाही. फिल्टरांची यादी लांबलचक आहे, नावे व्हीटीकेच्या परिभाषेतून आलेली आहेत, आणि करड्या अक्षरांत मिटलेला फिल्टर नेमका का चालत नाही हे नवख्याला लवकर उमगत नाही. मराठीतली मार्गदर्शिका माझ्या पाहण्यात नाही. इंग्रजी मार्गदर्शिका मात्र विस्तृत असून मोफत वाचता येते. दूरच्या मोठ्या संगणकावर सर्व्हर चालवून इथल्या संगणकावर नुसते चित्र पाहण्याची सोयही आहे. मात्र दोन्हीकडची आवृत्ती तंतोतंत सारखी लागते. चित्रांवरची मराठी शीर्षके मी चित्र बाहेर काढल्यावर इंकस्केपमध्ये घालतो.

सादरीकरणासाठी चलच्चित्र करायचे असेल, तर थेट व्हिडिओ न करता पीएनजी चित्रांची मालिका काढावी आणि एफएफएमपेगने ती जोडावी, म्हणजे एखादे चित्र बिघडले तरी तेवढेच पुन्हा काढता येते. काळ दाखवणारी ओळ चित्रात ठेवावी. वरच्या उदाहरणातली २५० चित्रे सेकंदाला २५ या गतीने दाखवली, तर २५० मायक्रोसेकंदांची घटना १० सेकंद चालते, म्हणजे ती ४० हजार पट संथ केलेली असते. हा आकडा चलच्चित्राच्या कोपऱ्यात लिहावा, कारण मौखिक परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक हमखास तोच विचारतात.